एकाच्या डोक्यावरचा दोन

वेंकटराव गेले, हे मला मैलापूरच्या ऑफिसात लिफ्टची वाट पाहताना कळलं. पहिला विचार मनात आला तो असा, की सुटले मी... लाज वाटते, पण आला.

ई-पुस्तकं तयार करणाऱ्या आमच्या विभागाचे ते प्रमुख. तंजावरकडचे मराठी आणि जमदग्नीचा अवतार. मजकुरात शब्दाच्या डोक्यावर बसणारा टिपेचा बारीक आकडा हे त्यांचं दैवत. त्यावर बोट टेकलं की टीप उघडली पाहिजे, आणि पुस्तकभर तो एकाच साच्यातून आला पाहिजे. कुणी तो हातानं वेगळा सजवला की कीबोर्ड भिरकावत. एकदा माझ्या कपाळाला लागून खोक पडली, तर वर मलाच ऐकवलं, "डोळे काढून ठेवलीस काय ग?"

मी नाशिकहून नवी आलेली, अंगात मस्ती. एका कारखान्याच्या माहितीपुस्तकात, टाक्यांच्या चाचणीच्या तक्त्यात, साचा न वापरता मी तो आकडा हातानंच वर चढवला. संगणकावर झकास दिसला. फोनवर मात्र खाली उतरला, आणि दाब १, टीप २, याचे झाले १२. गुम्मिडिपूंडीच्या त्या कारखान्यातल्या एका कामगारानं टाकीत तेवढ्या दाबानं हवा भरली. टाकी फुटली. पत्र्यानं त्याचा हात कोपरापासून उडवला.

पुस्तकावर आमचा पत्ता होता. त्याचे भाऊ ऑफिसात घुसले. "कुणी केलं हे?" मी टेबलामागे सरकले. वेंकटराव उठले आणि तमिळमध्ये म्हणाले, "मी." भावांनी त्यांना लोखंडी खुर्चीनं झोडपलं. जबडा मोडला, डाव्या कानातून रक्त आलं, तो कान कायमचा गेला. मी टेबलामागे उभी राहून बघत होते. नंतर त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. कीबोर्ड फेकणंही बंद केलं. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीला, सुंदराकाकूंना, मी सगळं सांगितलं. त्यांनी खाडकन माझ्या कानाखाली वाजवली. "तूं होय? अय्यो... माझ्याकडेही बोलले नाहीत ग ते!" आणि माझाच दंड धरून रडल्या.

ऑफिसात नव्या मुलांना अजून तो तक्ता दाखवतात. त्याला नावच पडलंय, 'वेंकटरावांची चूक'. सोमवारी दाखवायची पाळी माझी होती. नऊ जण वह्या उघडून बसले होते. मी पडद्यावर तक्ता लावला आणि वेंकटरावांच्या जागी माझं नाव सांगितलं.