पाणी मागण्याची रीत

आमच्या मामांनी उभ्या जन्मात एखादी गोष्ट सरळ मागितली असेल, असे मला वाटत नाही. निजामाच्या राज्यात सेलूच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली चटई टाकून ते लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. मॅट्रिक होऊन मी झरीला माशा मारत बसलो होतो, म्हणून मला त्यांच्याकडे धंदा शिकायला धाडले. पहिल्याच दिवशी त्यांनी पाठ दिला. आधी अलकाब, म्हणजे साहेबाला चढवायचे. मग हाल, म्हणजे आपली हकीकत. शेवटी इल्तिजा, म्हणजे मागणे. हकीकत फुगवली की तो मुबालगा, आणि तो जेवणातल्या मिठाइतकाच असावा. स्वतः मामा मूठभर मीठ टाकत, ही गोष्ट वेगळी.

घरीही तेच. तहान लागली की सुरू व्हायचे, "अन्नपूर्णे, या घराची सावली तू. सकाळधरनं घसा कोरडा पडलाय, तवा एक तांब्या मिळावा." मामी चुलीपुढून ओरडायच्या, "अवं, नुसतं पाणी म्हणा की!" म्हैस पान्हवेना, तेव्हा तिलाही त्यांनी अलकाब लावले आणि लाथ खाल्ली. "हिला हाल समजंना," एवढेच म्हणाले. लिहिलेला अर्ज ते शेतकऱ्याला मराठीत उलगडून सांगत, आणि त्याचे डोळे भरून येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहीत. "ज्याचं दुःख त्यालाच रडू येईना, तर साहेबाला काय येतंय?"

मग त्यांच्या एकुलत्या मुलाने भर बाजारात तिरंगा फडकवला आणि तो तुरुंगात गेला. माफीच्या अर्जावर सही केली तर सुटेल, असे कळले. मामांनी जीव ओतून अर्ज लिहिला: मुलगा नादान आहे, लोकांनी भरीस घातले, आता पस्तावला आहे. ऐकून मी रडलो. आम्ही दोघे भेटीला गेलो. पोरगा तापाने फणफणला होता. गजांआड उभा राहून त्याने अर्ज वाचला आणि हसला.

"आप्पा, अलकाब झकास हाय. इल्तिजा तर लयच. पण ह्यो हाल माझा न्हाई."

"जरासा मुबालगा हाय रे. सही कर. तुझी आई वाट बघायलीय."

"आईला सांगा, मी बरा हाय म्हणून," तो म्हणाला. "तेवढा मुबालगा चालंल."

तो त्याच तापात गेला. पुढे निजामाचे राज्यही गेले, पोराने फडकवला होता तोच झेंडा कचेरीवर चढला. तो बघायला गाव लोटले. मामा गेले नाहीत. त्या दुपारी ओसरीवरून ते म्हणाले, "पाणी दे."

मामी तांब्या घेऊन दारातच थबकल्या. डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "अवं, पैल्यासारखं मागा की."

मामांनी मान वर केली, ओठ हलवले. पण त्यांना काही सुचेना.