उंदीरमामाच्या पिंजऱ्याची बेबाबाई

दोंडाईच्याच्या पांजरपोळात मी सव्वीस वर्षं कारकुनी केली. भाकड गाई, लंगडे बैल, म्हाताऱ्या शेळ्या, सगळ्यांची आवक लिहिली. एवढ्या वर्षांत तिथं शहाणं माणूस मला एकच दिसलं, बेबाबाई. बाकी आम्ही ट्रस्टी, दाते आणि कारकून.

बेबाबाई शेण काढायची, चारा टाकायची. स्टेशनापलीकडच्या बौद्ध वस्तीतली, तोंडानं फटकळ. अध्यक्ष रतिलालशेठ आले की आम्ही ताडकन उभे राहायचो. ही बैलाच्या खुरातले किडे काढत तशीच बसायची. "थांबा शेठ, हाऊ बैल तुमना आधी उना," असं वर न बघताच सांगायची.

१९८९च्या श्रावणात धुळ्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेनं नकोसे झालेले अकरा गिनीपिग आमच्याकडे पाठवून दिले. ससा म्हणावं तर लांब कान नाहीत, उंदीर म्हणावं तर शेपूट नाही. मी रजिस्टरात 'इतर' लिहिलं आणि चहा मागवला.

आठवड्यात चार मेले. उरलेल्या सातांचे मागचे पाय ताठरलेले, हिरड्यांतून रक्त. बेबाबाईनं सातही जण टोपलीत घातले आणि गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर पोरसवदा होता, पण प्रामाणिक. म्हणाला, "हा प्राणी मी फक्त पुस्तकात पाहिलाय, मावशी. याला रोज ताजं हिरवं लागतं. गवत, कोथिंबीर, पेरू. नुसता कोरडा चारा घातला तर असंच रक्त येऊन मरेल. आणि गोड अजिबात घालू नका." केसपेपरवर गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी एवढेच रकाने होते. बिचाऱ्यानं शेळीवर खूण केली आणि पुढं लिहिलं, 'फार लहान'.

मग बेबाबाई रोज भाजीबाजारात पडलेल्या कोथिंबिरीच्या काड्या वेचून आणायची. ज्यांना चावता येत नव्हतं त्यांना पेरू कुस्करून बोटानं चाटवायची. तीन आठवड्यांत पाच जण चालायला लागले, उरलेले दोघंही तगले. तिच्या बांगड्या वाजल्या की सगळे शिट्ट्या मारायचे. मी हसलो, तर म्हणे, "हसा भाऊ. तुम्हले पाहीसन कोन शिटी मारस?"

आणि मग गणपती बसले. रतिलालशेठ पत्नीला, पुष्पाबाईंना, घेऊन पांजरपोळात आले. पिंजरा दिसताच पुष्पाबाईंनी हात जोडले. "अहो, हे तर बाप्पाचं वाहन!"

"शेपूट कुठाय?" शेठ म्हणाले.

"देवाच्या उंदराला शेपूट कशाला लागतं?"

झालं! दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यापुढं ही रांग. मोदक, पेढे, गूळखोबरं. आयजीच्या जिवावर बायजी उदार. पुण्य यांचं आणि पोट त्या मुक्या जिवांचं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ढाळ लागले आणि एक मेला. शेठ म्हणाले, "मोक्षाला गेला." बेबाबाई त्यांच्या आडवी उभी राहिली. "गोड बंद करा शेठ, नहीते बठ्ठा मरी जातीन!" भाविकांना नाही कसं म्हणायचं, असं म्हणत शेठ निघून गेले.

ती माझ्या टेबलापाशी आली. डोळे लाल झालेले. "भाऊ, त्यासना देवले हिरवं काय चालस?"

मी लिहिता लिहिता म्हणालो, "दूर्वा."

तिच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तेव्हा, गणपतीला देव मानणार नाही, अशी शपथ घेतली होती. हिनंही ती पुढं इमानानं पाळली होती. घरी मखर नाही, आरती नाही, वर्गणी मागायला आलेल्या पोरांना दारातूनच वाटेला लावायची. ती बेबाबाई त्या दिवशी पुष्पाबाईंच्या घरी गेली आणि बेधडक खोटं बोलली. बाप्पा स्वप्नात आला म्हणे, माझ्या उंदराला पेढ्यानं पोटात मुरडा येतो म्हणाला, त्याला फक्त दूर्वा वाहा.

पुष्पाबाईंच्या अंगावर काटा आला. दोन दिवसांत गावातल्या बांधाबांधांवरची हिरवळ साफ! टोपल्याच्या टोपल्या ताजं गवत यायला लागलं. अनंत चतुर्दशीपर्यंत सहाच्या सहा पिंजऱ्यात पळायला लागले, अंगावर तुकतुकी आली. बेबाबाई मला म्हणाली, "खोटं बोलनू भाऊ, पन जीव वाचनात." मला तिचा फार अभिमान वाटला. तसं बोलून मात्र दाखवलं नाही.

पुढच्या आठवड्यात ट्रस्टची बैठक झाली. स्थान जागृत आहे, यावर सगळ्यांचं एकमत. जागृत स्थान म्हणजे पावित्र्य आलं. पिंजऱ्याला फरशी बसवायची, पुजारी नेमायचा आणि बेबाबाईला बैलांकडे पाठवायचं. "जातीचा विचार आम्ही करत नाही हो," शेठ म्हणाले, "शेणाचे हात आहेत, एवढंच." करायला गेली गणपती आणि झाला मारुती! ठराव मी लिहिला. चांगल्या अक्षरात, 'सर्वानुमते'. तिला एकटीला शहाणी म्हणणारा मी, तोंडातून ब्र काढला नाही. आजही त्याची लाज वाटते.

पुजाऱ्यानं पुन्हा फुटाणे आणि साखर सुरू केली. दूर्वा काय, त्या चतुर्थीच्या चतुर्थीला.

एका सकाळी पिंजऱ्यापुढच्या रांगेत मला बेबाबाई दिसली. चपला काढलेल्या, डोक्यावर पदर, मुठीत गवत. नंबर आल्यावर पुजारी म्हणाला, "आधी नमस्कार कर, मग वाहा." मग गवत काखेत धरून तिनं दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले आणि एकेक काडी जाळीतून आत सरकवली. काड्या संपेपर्यंत मागची माणसं ओरडत होती.

परत जाताना ती माझ्या खिडकीशी थांबली.

"मी हात जोडात, भाऊ," ती म्हणाली. "पन त्यासनी खादं." आणि बैलांकडे गेली.