तीन भोकांची चकती

दवाखान्यात येणारा माणूस बहुधा गाल धरून येतो. कांबळेमामा पहिल्यांदा आले ते शर्टाचा खिसा धरून. दुपारची वेळ होती, पेशंट कुणी नव्हता. साठीचा, उंच, किंचित वाकलेला माणूस. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, माझ्या खुर्चीकडे संशयाने पाहिलं आणि उभ्यानेच म्हणाले, "दात दाखवायचा न्हाय डॉक्टरबाई. दात धड हायत. तुमची ती दात कोरायची टोकं आसत्यात की, ती बोथट झाल्यावर काय करता त्यांचं?"

"टाकून देते," मी म्हटलं.

"मग टाकू नगा."

एवढं बोलून त्यांनी खिशातली काडेपेटी काढली आणि माझ्या टेबलावर उघडली. आत कापसावर मसुरीच्या दाण्याएवढ्या वीसेक वस्तू होत्या. मला वाटलं, कसल्या तरी बिया असतील. काम करताना लावायचं भिंग डोळ्यांवर ओढून पाहिलं, तर त्या कप्प्या होत्या. विहिरीवर असते तशी कप्पी: लाकडाचं घर, मधे चाक, चाकातून आरपार गेलेला पितळेचा आस आणि वर अडकवायला आकडा. मी सुईच्या टोकाने एक चाक हलकेच ढकललं. ते फिरलं.

"जहाजाच्या हायत," मामा म्हणाले. "शीड वर वडायला. भोकं पाडाय माझ्याकडचं सगळ्यात बारीक ड्रिल घेतलं तरी लाकूड फाटतंय. तुमचं टोक बोथट झालं तरी माझ्या कामाला लई धारंचं."

त्या दिवसापासून मी टोकं उकळून एका बाटलीत जमवायला लागले. महिन्यातून एकदा मामा यायचे, बाटली न्यायचे आणि जाताना नवं काय केलंय ते भिंगाखाली दाखवायचे. कधी दोर गुंडाळायची खुंटी, कधी तारेची कडी. एकदा तर नांगराची साखळी आणली होती, तिची प्रत्येक कडी सुटी वाकवून जोडलेली. दवाखान्यात थांबलेले पेशंटसुद्धा दुखणं विसरून वाकून बघत.

मामा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं टर्नर होते. ऑईल इंजिनांचे सुटे भाग करण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नदीजवळच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरामागे पत्रा घातला आणि शिलाई मशीनच्या मोटरीवर चालणारं वीतभर लेथ स्वतः जुळवलं. मी पहिल्यांदा तिथे गेले ती मामींनी खरवस खायला बोलावलं म्हणून. पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाचा कवडसा टेबलावर पडला होता. त्या कवडशात लाकडाचा भुगा संथपणे तरंगत होता. त्याखाली दीड हात लांबीचं जहाज उभं होतं, तीन डोलकाठ्यांचं, अजून दोर नसलेलं. बाहेर गल्लीत भांडी घासल्याचा आवाज येत होता, पण तो फार लांबून आल्यासारखा वाटत होता. त्या खोलीत गेलं की शहर असंच लांब जायचं.

लाकूड पेरूचं होतं. अंगणातल्या झाडाची फांदी तोडून वर्षभर सावलीत वाळवलेली. "पेरूचं लाकूड बारीक कामाला इमानी," मामा म्हणायचे. कप्प्यांना रंग यावा म्हणून ते त्या चहाच्या पाण्यात उकळायचे. कोणती कप्पी झाली, कोणती राहिली हे ते कधी मापून ठरवत नसत. चिमट्यात धरायचे, डोळे मिटायचे आणि अंगठा तिच्या कडेवरून हळूच फिरवायचे. "डोळा फसतोय डॉक्टरबाई. बोटानं बघा," म्हणून माझ्याही हातात द्यायचे. मला काहीच कळायचं नाही. त्यांना कुठेतरी केसभर खडबड लागायची आणि ती कप्पी पुन्हा कानशीखाली जायची.

"पण जहाजच का, मामा?" मी एकदा विचारलं. "इंजिन केलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं."

त्यांनी लेथ चालू केलं. मामींनी मला डोळ्यांनी आत बोलावलं आणि चहा गाळता गाळता सगळं सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. अभ्यासात हुशार. मामांनी तिच्यासाठी इथल्याच कॉलेजात प्रवेश ठरवून ठेवला होता आणि तिने परस्पर परीक्षा देऊन जहाजावर जायचं ठरवलं. मालवाहू जहाज, सहा-सहा महिने पाण्यावर. मामा कागदावर सही करेनात. "पोरगीची जात, आन् चहूबाजूनी पानी. हाक मारली तर कोन येनार?" एवढंच त्यांचं म्हणणं. मामींनी सही केली. ती निघाली त्या दिवशी मामा घरी थांबलेच नाहीत, कारखान्यात गेले. स्टँडवर मायलेकी दोघीच होत्या.

"त्या दिवशी ह्यांनी इंजिनाचा एकच बुश चार येळा बिघडवला म्हनं," मामी म्हणाल्या. "पस्तीस वर्सांत पयल्यांदा. पन मला सांगितलं न्हाय. त्यांच्या कारखान्यातल्या जोडीदारानं सांगितलं."

त्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत बापलेकीत एक शब्द नव्हता. ती सुट्टीवर आली की मामा सकाळी लवकर बाहेर पडत आणि ती झोपल्यावर घरी येत. पण तिच्या जुन्या पुस्तकांत एक पुस्तक होतं, त्यात शिडाच्या जुन्या जहाजाचं चित्र होतं, सगळ्या दोऱ्यांसकट. निवृत्त झाल्यावर आठ दिवसांनी मामांनी ते पान झेरॉक्सच्या दुकानात नेऊन मोठं करून आणलं आणि पत्र्याच्या भिंतीला चिकटवलं.

प्रज्ञाचा फोन मामींना यायचा. त्या वेळी मामा बरोबर त्यांच्याजवळ काहीतरी घासत बसलेले असत. आणि मग एकदा, वर न बघता, ते म्हणाले, "तिला इचार, डोलकाठीचा दोर खाली बांधत्यात तिथं ती गोल चकती आसती, तिला तीन भोकं कशाला?"

मामींनी विचारलं. मग प्रज्ञा म्हणाली, "आता असलं काही नसतं जहाजावर. पण विचारून सांगते." तिच्या जहाजावर एक म्हातारा सारंग, म्हणजे खलाश्यांचा मुकादम, होता, लहानपणी शिडाच्या गलबतांवर काम केलेला. त्याला विचारून तिने पुढच्या फोनला उत्तर दिलं. मामींना ते नीट सांगता आलं नाही, त्यामुळे मामांना अर्धवटच कळलं. पण त्या दिवसापासून दर फोनला एक प्रश्न जायचा आणि एक उत्तर यायचं. "इचार तिला." "त्यांना सांग." मामी मधे बसून दोघांच्या दोऱ्या-कप्प्या इकडून तिकडे करत. "मला आता जहाज चालवाय येतंय बगा," त्या हसून म्हणायच्या.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढत चढत त्यांच्या गल्लीत शिरलं. माझा दवाखाना आणि घर जरा वरच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी पाऊस थांबला होता. आमच्याही रस्त्याच्या जागी गढूळ, निवांत पाणी पसरलेलं. लोक गच्च्यांवर उभे होते आणि कोपऱ्यावरून रबराची बोट वळली. तिच्यात मामी धरून चार बायका, दोन म्हातारी माणसं आणि मधोमध कांबळेमामा, मांडीवर जहाज घेऊन. तीन डोलकाठ्या उभ्या, पाण्यावर जराशा डुलणाऱ्या. ते लहान जहाज मोठ्या बोटीतून दुकानांच्या पाट्यांसमोरून, विजेच्या तारांखालून सरकत गेलं आणि सगळं शहर ते बघत उभं राहिलं.

बोट जिन्याशी लागली तेव्हा बचावपथकातला तरुण वैतागून मला म्हणाला, "म्हातारं घरातलं धान्य सोडून ह्ये घिऊन बसलंय बघा."

"पावणं," मामा म्हणाले, "धान्य परत मिळंल. ह्ये कोन करून देनार? तुमी?"

पाणी ओसरेपर्यंत दोघं माझ्याकडेच राहिली. मामींचा फोन भिजून बंद पडला होता, म्हणून त्यांनी माझा नंबर प्रज्ञाला कळवायला एका नातेवाइकाला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला तेव्हा मामी खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे औषध मागायला गेल्या होत्या. मी सांगितलं, दोघं सुखरूप आहेत. ती एकदम रडायला लागली. समोर मामा बसले होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो घेतला. कानाला लावला.

"त्या चकतीचं," ते म्हणाले, "त्या तीन भोकांचं तुझ्या आईनं सांगितलं ते मला नीट कळलं न्हाय. परत सांग."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, दोन चकत्या असतात," ती नाक ओढत म्हणाली. "एक वरच्या दोराला, एक जहाजाच्या अंगाला. मधली बारीक दोरी दोन्हींच्या तिन्ही भोकांतून खाली-वर ओवायची. म्हणजे मोठा दोर सैल पडला की ती ओढून घेता येते."

"मी त्या एकमेकीस्नी चिकटवून बांधल्यात."

"नाही आबा. मधे अंतर ठेवायचं. चिकटवल्या तर पुढं ओढायला जागाच राहत नाही."

"आसं व्हय," मामा म्हणाले. "मग समदं सोडाय पायजे."

"सोडा. परत बांधू."

वीस मिनिटं बोलले. त्यात खुशाली नव्हती, माफी नव्हती, पुराचंही काही नव्हतं. फोन ठेवल्यावर मामांनी माझ्याकडे चिमटा मागितला आणि संध्याकाळपर्यंत एकेक गाठ सोडत बसले.

हाताचा कंप त्याआधीच सुरू झाला होता. त्यांनी तो लपवला होता. माझ्या लक्षात आलं ते त्या गाठी सोडताना. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतल्यावर तासभर हात शांत राहायचा, आणि त्या तासात ते जेवणाचंसुद्धा नाव काढत नसत. पण चकत्या मसुरीएवढ्या आणि भोकं केसाएवढी. हळूहळू तो तास अर्ध्यावर आला. शेवटच्या काही कप्प्या त्यांनी कशा केल्या ते मी पाहिलंय. मनगट टेबलाला फडक्याने बांधून घ्यायचे.

"आता ऱ्हावू दे की," मामी म्हणायच्या.

"बांधलेला हात हाय, थकत न्हाय," हे त्यांचं उत्तर.

सुट्टी मिळाल्यावर प्रज्ञा आली. उंच, बापासारखीच, उन्हाने रापलेली. या वेळी मामा सकाळी बाहेर गेले नाहीत. मी गेले तेव्हा दोघं पत्र्याखाली शेजारी शेजारी बसली होती. ती मेण लावलेला दोरा भोकात ओवत होती. मामांचा हात थरथरत टेबलावर पडला होता.

"आबा, हात धरू का?" तिने विचारलं.

"हात नगं धरू. चिमटा धर."

तिने चिमटा धरला. एका बाजूच्या अठरा चकत्या, तेवढ्याच दुसऱ्या बाजूच्या. तीन आठवडे रोज दुपारी ते काम चाललं. ती ओवायची, ते बोटाने ताण बघायचे. "जरा सैल सोड. काठी वाकाय लागलीया." तिने इतक्या जोमाने ओढलेलं असायचं की मामांना हसू यायचं. मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं ते याच दिवसांत. शेवटची गाठ झाली तेव्हा कवडसा जहाजावरून सरकून भिंतीवर गेला होता. मामींनी चहा आणला, आम्ही चौघांनी प्यायला. सुट्टी संपल्यावर मामा तिला सोडायला स्टँडवर गेले. बस लागायच्या तासभर आधीच जाऊन बसले होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात न्यूमोनियाने त्यांना मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. चार दिवसांत डॉक्टरांनी मामींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, आता फार दिवस नाहीत. प्रज्ञा कुठल्या तरी महासागराच्या मध्यावर होती, किनारा नऊ दिवसांवर. दुपारी तिचा व्हिडिओ कॉल लागला. मी फोन मामांच्या तोंडासमोर धरला. ती म्हणाली, "आबा, मी कॅप्टनशी बोलते. पुढच्या बंदरात उतरून येते."

मामांनी मान हलवली. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, बोलायला वेळ लागत होता.

"कामावर हाईस न्हवं?"

"हो, आबा."

"मग काम सोडून यायचं न्हाय. सावकाश ये." पुढे ते म्हणाले, "आता तू पान्यावर आसलीस तरी भ्या वाटत न्हाय मला."

मग तिने काय केलं, तर फोन फिरवून बाहेर धरला. डेकचा कठडा, आणि त्यापलीकडे पाणी. निळं नव्हतं ते, शिशासारखं होतं, ऊन पडेल तिथे चमकणारं, आणि त्याला शेवट नव्हता. मामा बघत राहिले. मामी पलंगाच्या कडेला टेकल्या. माझा हात भरून आला, पण मी फोन हलू दिला नाही. तिकडून तीही हलली नाही. वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. मामांचे डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. कुणीच फोन बंद केला नाही. ते पाणी कितीतरी वेळ त्या पांढऱ्या खोलीत हलत राहिलं.