नावाच्या जागी

शकुन, संकेत, भविष्य... या सगळ्याची मी कायम टिंगलच केली. रामकुंडावर अस्थिविसर्जनाचे विधी करणाऱ्या तीर्थोपाध्यायांच्या घरात सून म्हणून आले तरीही. मी फार्मसी शिकलेली, मेडिकल दुकानात नोकरी करते. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. माझ्या सासऱ्यांना – अण्णांना – गेल्या वर्षी स्ट्रोक आला आणि अफेजिया झाला. म्हणजे डोकं शाबूत, आपलं बोलणं बहुतेक समजतं, पण त्यांना शब्द सापडत नाहीत. पाणी हवं तरी ‘केळी’, मला बोलवायचं तरी ‘केळी’. मग स्वतःवरच चिडतात. त्यांनी पुन्हा एकदा ‘मृण्मयी’ म्हणून हाक मारावी, एवढाच मी ध्यास घेतला होता.

स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, “हो-नाही उत्तर येईल असं विचारा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा.” पाठ असलेलं मात्र कधी कधी सरळ येतं म्हणे. खरंच, जन्मभराच्या सवयीने अण्णा रोज सकाळी अस्थिविसर्जनाचा संकल्प घडाघडा म्हणतात... फक्त गेलेल्या माणसाचं गोत्र आणि नाव घ्यायच्या जागी अडकतात.

एका सकाळी मुलाच्या अस्थी घेऊन बुलढाण्याहून एक जोडपं आलं. पहिल्यांदाच. रामकुंडावर कुणीतरी आमचा पत्ता दिला होता. माझा नवरा मंदार दुसऱ्या यजमानांकडे गेलेला. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून कलश गाडीत ठेवून दोघं वर आली. मी पाणी देत होते, तेवढ्यात अण्णांनी संकल्प सुरू केला. नावाची जागा आली. मी थांबले.

“कौशिक गोत्र... निखिल,” अण्णा स्वच्छ म्हणाले.

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. गृहस्थ म्हणाले, “ताई, मुलाचं नाव आम्ही इथं कोणालाच सांगितलं नाही हो. गोत्रही नाही.”

मला मेलीला आधी आनंदच झाला. वाचा परत आली असं वाटलं. ते गेल्यावर मी विचारलं, “अण्णा, मी कोण?” त्यांनी ओठ हलवले, खूप प्रयत्न केला, आणि रडायला लागले.

मंदार म्हणतो, योगायोग. असेलही. मला आजवर दुसरं काही सुचलेलं नाही. पण तेव्हापासून सकाळी संकल्प सुरू झाला की मी स्वयंपाकघरात जाते. नावाची जागा आली, अण्णा शब्द शोधायला लागले, की मी थांबत नाही... सरळ मिक्सर लावते. त्यांना वाईट वाटतं, दिसतं मला. पण चुकून त्यांना माझं नाव सापडलं तर?