बिडीच्या लेबलावरचा मोर

"हे बघा आणि खरं सांगा," असं म्हणत आप्पासाहेबांनी एक चित्र माझ्यापुढं सरकवलं.

निपाणीतल्या त्यांच्या तंबाखूच्या वखारीत बसलो होतो. तिथं शिरलं की आधी शिंका येतात, मग नाक सरावतं. चित्र मोराचं होतं. मान वळवून मागं बघणारा, पिसारा मिटलेला, एक पाय उचललेला. बघताना वाटत होतं, पुढचं पाऊल आता टाकेल.

आप्पासाहेबांच्या मोर छाप बिडीच्या बंडलावर बारा वर्षं मी काढलेला मोर होता.

मी बेळगावात, शहापूरच्या एका गल्लीत राहून घरीच चित्रं काढायचो. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, शाळेच्या पुस्तकांतली चित्रं, बिडीची लेबलं. फ्रीलान्स हा शब्द तेव्हा गल्लीत कुणाला माहीत नव्हता. कुणी विचारलं, हे काय करतात, तर शेजारी सांगायचे, "घरीच असतात." त्यामुळं बाहेर कुणाला दाखवावं असं माझ्याकडं एकच होतं. कुठल्याही पानपट्टीवर बोट करून म्हणता यायचं, तो मोर माझा.

"कुणी काढलंय?" मी विचारलं.

"कांबळ्यांची शालन. आई आमच्याच बिड्या वळती. पोरगी कोल्हापुरात चित्रकला शिकून आली. तुमच्या प्रेसवाल्यानं नवीन मशीन आणलंय, कागद बी नवीन. म्हटलं, मोर तेवढा जुना कशाला?"

"चांगलं आहे."

"लई चांगलं हाय. आता छपाईला तुम्हीच तयार करून द्या. ते काम तुमच्याबिगार कुणाला जमत न्हाय म्हणतोय प्रेसवाला."

ते काम म्हणजे सेपरेशन. लेबल आगपेटीपेक्षा थोडं मोठं, त्यावर तीन शाया. प्रत्येक शाईसाठी वेगळं चित्र हातानं काढावं लागे. निळ्याचं एक, पिवळ्याचं एक, काळ्याचं एक. तिन्ही एकावर एक बरोबर बसली तर मोर दिसतो. केसभर सरकली तर डाग दिसतो. थोडक्यात, शालनचा मोर मला माझ्या हातानं तीनदा काढायचा होता.

घरी आल्यावर भिंग घेऊन मी त्या चित्रात चूक शोधायला बसलो. मला एक आशा होती. कॉलेजात शिकलेली मुलं पाण्याच्या रंगाचे पातळ हात देतात. कागदावर ते सुंदर दिसतं, लेबलावर त्याचा चिखल होतो. म्हटलं, इथं सापडेल. पण या मुलीनं पातळ हात दिलाच नव्हता. सगळ्या छटा बारीक रेघांनी काढल्या होत्या. रेघ जवळ आली की गडद, लांब गेली की फिकं. छपाईचा पूर्ण विचार करून काढलेलं चित्र होतं ते. मला ते सुचायला कितीतरी लेबलं बिघडवावी लागली होती.

तिच्या रेघा गिरवताना माझा हात अडखळायचा. गळ्याचा बाक तिनं एका दमात ओढला होता. मी तोच बाक चार तुकड्यांत जोडला. बायको चहा घेऊन आली, वाकून बघत म्हणाली, "किती गोड काढलाय हो हा." मी सांगितलं की माझा नाही. ती कप ठेवून लगबगीनं आत गेली. त्या लगबगीचा मला चित्रापेक्षा जास्त राग आला.

छपाईचं पहिलं प्रूफ बघायला शालन प्रेसमध्ये आली. विशीतली मुलगी, खांद्याला कापडी पिशवी.

"अण्णा, गळ्याचा निळा जरा उतरवाल का? डोळा बुडतोय."

"डोळा दिसतोय की."

"इथं दिसतोय. दुकानात फळीवर न्हाय दिसायचा."

मी प्रूफ भिंतीला टाचून लांब जाऊन बघितलं. डोळा बुडत होता. निळा उतरवला. तिनं "लई उपकार झाले" म्हटलं, तेही मनापासून. ती जरा तरी उद्धट असती तर मला बरं पडलं असतं.

माल बाजारात गेला. मी बिडी ओढत नाही, तरी बसस्टँडवरच्या पानपट्टीवर थांबायला लागलो. फळीवर तिचे मोर ओळीनं मान वळवून बघायचे. माझे जुने संपत आले होते. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ?" मी काही न घेता पुढं गेलो.

मग आप्पासाहेबांचा निरोप आला, ताबडतोब या. वखारीत शिरलो तर दाराशी पोत्यांची थप्पी. शालन एका बाजूला उभी होती.

"माल परत आलाय," आप्पासाहेब म्हणाले. "चिकोडी, संकेश्वर, खानापूर, सगळीकडनं. दुकानदार म्हणत्यात, गिऱ्हाईक डुप्लिकेट समजतंय, हातात घेत न्हाय."

मी चेहरा गंभीर ठेवला. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "लोकांना जुन्या मोराची सवय झाली असेल," मी समजुतीनं म्हणालो.

आप्पासाहेबांनी शालनकडं बघितलं, मग छपराकडं. "तसं न्हाय. लोक दुकानात येऊन कोंबडा बिडी मागत्यात. हे बंडल दिलं की म्हणत्यात, ह्यो कोंबडा न्हाय, ह्यो मोर हाय."

"कोंबडा? कुठला कोंबडा?"

"तुमचा मोर हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापास्नं. तुम्हास्नी कसं सांगायचं? माल खपत होता."

मी शालनला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय अण्णा. आमच्या घरात बी कोंबडाच म्हणत्यात."

"जुनं लेबल परत सुरू करा," आप्पासाहेब म्हणाले.

मी म्हटलं, "मग मान थोडी लांब करून देतो. तुरा पण नीट..."

त्यांनी हात जोडले. "एक रेघ हलवू नका."

बाहेर पडल्यावर मी शालनला विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं की. एवढा माल परत आला. पर ज्यांनी बघितला त्यांनी ह्यो मोर हाय म्हटलं न्हवं. तेवढं बास झालं."

ती पिशवी सावरत निघून गेली. मला काम परत मिळालं होतं, आप्पासाहेब माझेच राहिले होते. तरी बेळगावच्या बसमध्ये बसलो तेव्हा वखारीत शिरतानापेक्षा माझी जळफळ जास्त होती. तिचा मोर पोत्यात पडून होता आणि मला तोच माझा असायला हवा होता.

शालन पुढं पुण्याला गेली. मुलांच्या पुस्तकांत तिची चित्रं येतात. घरात नातवंडं ती पुस्तकं वाचतात आणि मी पक्षी आधी बघतो. माझा कोंबडा आप्पासाहेबांच्या मुलानं धंदा बंद करेपर्यंत चालला.

त्या प्रकारानंतर कुठलंही जुनं लेबल बदलायचं काम आलं की मी पेन्सिल उचलत नसे. आधी चार दुकानांत जाऊन विचारायचो, लोक याला काय म्हणतात. मालकाला मात्र विचारायचो नाही.