बसऱ्याची चारशे दहा ग्रॅम माती

एखादी गोष्ट आठवायची तर ती आधी विसरावी लागते. ही घटना मी एक दिवसही विसरलो नाही, तेव्हा 'आजही आठवते' असलं काही मी म्हणणार नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असतानाची गोष्ट आहे. नाव मी कुणाचंच लिहिणार नाही. ज्यांनी चूक केली त्यांचं नाही, आणि माझं स्वतःचं तर मुळीच नाही, कारण चुकलेल्यांत मीही होतो.

मेढ्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरातली काही गावं तेव्हा माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होती. तिथं घराआड एक फौजी. अशाच एका गावच्या चावडीसमोर इंग्रजांच्या काळातला एक दगड उभा आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले, एवढंच त्याच्यावर कोरलंय. नुसते आकडे. नाव एकाचंही नाही.

त्या गावातली एक पासष्टीची बाई इराकला सहलीला जाऊन आली होती. अख्खं गाव तिला आक्का म्हणायचं. नवरा पलटणीतून निवृत्त होऊन वारलेला, स्वतः अंगणवाडी चालवून घरी बसलेली. सांगलीचे एक निवृत्त प्राध्यापक दरवर्षी परदेशी सहल काढायचे, त्या साली त्यांनी प्राचीन मेसोपोटेमिया काढला होता. बाबिलोन, उर, निनवे, आणि शेवटी बसरा. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. बसमध्ये माइक घेऊन ते चार हजार वर्षांपूर्वीचे राजे सांगायचे, आणि बरोबर आणलेला आचारी वाळवंटात पिठलं-भात करायचा. आपली माणसं चंद्रावर गेली तरी शेंगदाण्याची चटणी नेणार!

सहल परतून दहा-बारा दिवस झाले असतील. दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदारानं डायरीत नोंद केली ती अशी: 'अमुक गावच्या बाईने इराकमधून पुरातन वीट चोरून आणली असून ती घरात स्टीलच्या डब्यात आहे.' फोन करणाऱ्याला डबासुद्धा कसा ठाऊक, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. नाही पडला. छत्तीस वर्षांची नोकरी अशा वेळी कुठं झोपते कोण जाणे.

दोन पंच आणि हवालदार बाईंना घेऊन, गणवेशात, जीपने गेलो. गाव गोळा झालं. आक्काच्या फळीवर दोन डबे सापडले. मोठ्या डब्यावर 'शेंगदाणा चटणी' अशी कागदी चिठ्ठी डकवलेली, आणि आत फडक्यात गुंडाळलेली अर्धी वीट. तिच्यावर बारीक खिळे आडवेतिडवे ठोकावेत तशी अक्षरं. लहान डब्यात पिवळसर कोरडी माती.

"ही माती कसली?" मी विचारलं.

"माझ्या आज्जाची."

मी चक्रावलो. आक्काचा आज्जा बसऱ्याच्या लढाईला गेला तेव्हा तिचा बाप पोटात होता. आज्जा परत आला नाही. आक्का सांगू लागली, "तितं लढाईत मेलेल्यांची मोठी भिंत हाय साहेब. गोऱ्यांची नावं वळीनं लिवल्यात. आमच्या माणसांचा निस्ता आकडा. लय हुडकलं. मग भिंतीपाशी बसली आन् मूठ-दोन मूठ माती घेतली. आता चावडीच्या दगडाखाली ठेवायची म्हनून गावाला सांगूनबी ठिवलंय."

"आणि वीट?"

"ती सरांनी दिली. चटणीचा डबा हाय, तुमच्या पिशवीत जागा हाय, घरी आलो की नेतो म्हनले. मी उघडलाबी न्हाई. मग वाटलं, चटणीला वास लागंल, म्हनून झाकण काढलं तर ही. परवा सर आलंवतं न्यायला. मी म्हनलं, ही त्या मुलखाची हाय, मी सरकारात जमा करनार. लय चिडलं. सोमवारी मी मेढ्याला येनारच हुती, तवर तुमीच आला."

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. सापडलेला प्रत्येक माणूस 'मला दुसऱ्यानं दिलं' असंच म्हणतो. मी दोन्ही डबे वजन करून ताब्यात घेतले. पंचनाम्यात लिहिलं: अर्धी वीट एक, माती चारशे दहा ग्रॅम. मातीच्या डब्याला लाखेचा शिक्का मारला तेव्हा आक्का पहिल्यांदा ओरडली, "आवं, त्यो कशाला? त्यो चोरीचा न्हाई!" मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःहून ठाण्यात आले. खादीचा झब्बा, गोड बोलणं. जबाब दिला आणि खाली सही केली: 'सदर डबा मी यापूर्वी कधीही पाहिलेला नाही.' जाताना म्हणाले, "साहेब, अडाणी बाई आहे. मोहात पडली. माफी लिहून घ्या आणि सोडून द्या, उगाच म्हातारपणी हाल नकोत." तासाभरात वरिष्ठांचा फोन आला. सूर तोच: सर प्रतिष्ठित आहेत, माफीपत्र घ्या, मिटवा.

मीही मिटवायलाच निघालो होतो, हे कबूल करतो. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यावा लागतो, म्हणून कागद घेऊन पुन्हा आक्काच्या ओसरीवर गेलो. कुंपणाबाहेर माणसं उभी. दगडाखाली चोरीची माती येऊ द्यायची नाही, असं त्यांनी आदल्या संध्याकाळीच ठरवलेलं. त्यांतले निम्मे तिच्याच अंगणवाडीत अआइई शिकलेले.

"आक्का, सही करा. नजरचुकीने आणली, माफ करा, एवढंच लिहिलंय. माती लगेच परत देतो."

तिनं चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"मला सही येत नसती तर अंगठा दिला असता. सही येती म्हनूनच करत न्हाई."

"मग कोर्टाच्या फेऱ्या होतील."

"हू द्यात. चोरटी नात म्हनून त्या दगडाखाली माती ठिवू व्हय? माझा आज्जा तितं वेढ्यात उपाशी मेला, पन पळाला न्हाई. मी का पळू?"

मी उठलो. जीपमध्ये हवालदार बाई नुसत्या खिडकीबाहेर बघत बसल्या. पटलं नाही की या बाई असंच करायच्या. शेवटी मीच म्हणालो, "बोला की."

"साहेब, त्या डब्यावर नाव कुणाचं आहे?"

"चिठ्ठी आहे चटणीची."

"चिठ्ठी नव्हे. नाव. बिननावाचा डबा कुणाच्या घरात असतो का? माझ्या सासूनं उलथन्यावरसुद्धा नाव घातलंय."

ठाण्यात पोचताच पुन्हा पंच बोलावले, मुद्देमालाच्या खोलीतून डबा काढला आणि ओल्या फडक्यानं चिठ्ठी भिजवून सोलली. खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. कुणा मुलीच्या लग्नात मामाकडून आहेर, आडनाव सरांचं, गाव सांगली. मी खुर्चीत बसलो आणि स्वतःला दोन शिव्या हासडल्या. आम्ही सगळे शहाणे विटेवरची चार हजार वर्षांपूर्वीची अक्षरं वाचायला निघालो होतो, आणि डब्यावरचं मराठी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगली गाठली. सर देवपूजेला बसले होते. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मी काही विचारायच्या आत त्यांची नजर हवालदार बाईंच्या हातातल्या डब्यावर गेली.

"अगं बाई! हा कुठं सापडला? माझ्या लग्नातला डबा हो! महिनाभर शोधतेय. कामवालीवर संशय घेतला मी, बिचारी रडली."

आतली घंटा वाजायची थांबली. सर बाहेर आले, डबा बघितला, बायकोकडं बघितलं, आणि पाणी मागितलं. बाबिलोनच्या प्रत्येक राजाचं नाव या माणसाला पाठ होतं. आपल्या फळीवरच्या डब्यावर काय लिहिलंय ते आयुष्यात वाचलं नव्हतं. कशाला वाचेल? भांडी बायकोची!

मग फार ताणावं लागलं नाही. पुस्तकांच्या कपाटामागून आणखी दोन विटा निघाल्या. सहलीतल्या वयस्कर बायकांच्या पिशव्या कुणी उघडत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. निनावी फोनही त्यांचाच, आक्का वीट जमा करून त्यांचं नाव सांगायच्या आत तिलाच चोर ठरवण्यासाठी. पुरातत्त्व खात्याची, सीमाशुल्काची माणसं आली आणि गुन्हा योग्य माणसावर दाखल झाला. वरिष्ठांचा पुन्हा फोन आला, आवाज चढलेला. मी म्हणालो, "साहेब, लेखी आदेश पाठवा, फाइलला लावतो." आदेश काही आला नाही.

कोर्टाच्या हुकमानं माती परत द्यायची ठरली. आक्का ठाण्यात आली, बाकावर ताठ बसली आणि म्हणाली, "मोजा."

काटा आणला. चारशे ग्रॅम भरली.

"धा ग्रॅम कुटं गेली?"

"तपासणीला नमुना पाठवला होता, आक्का."

"माझ्या आज्जाचा नमुना?"

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "चुकलं माझं." आयुष्यात ठाण्याच्या आत हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं. तिनं डबा घेतला नाही.

"माझ्याकडं नगा देऊ. नेताना गाडी घेऊन, टोपी घालून, समद्या गावादेखत न्हेलाय. आनताना तसंच या."

हे वरिष्ठांना विचारलं असतं तर परवानगी मिळाली नसती, म्हणून विचारलं नाही. रविवारी सकाळी तीच जीप, तेच पंच, त्याच हवालदार बाई. टोपी, पट्टा, सगळं अंगावर. वेशीपाशी उतरलो आणि डबा दोन्ही हातांत धरून चावडीपर्यंत चालत गेलो. ज्यांनी माती नाकारली होती ते दोन्ही बाजूंना उभे होते. मी मोठ्यानं सांगितलं, "ही बाई चोर नाही. चोर समजून आलो तो मी चुकलो. तुम्हीही चुकलात." एका म्हाताऱ्या सुभेदारानं कडक सलाम ठोकला, तो मला नव्हता.

दगडाच्या पायाशी खड्डा खणून ठेवलेला. आक्कानं कमरेच्या पिशवीतून डब्याचं नवं झाकण काढलं. मेढ्याच्या भांडीवाल्याकडून तिनं त्यावर नाव घालून आणलं होतं, आज्जाचं, बापाच्या नावासकट, गावासकट, ठिपक्याठिपक्यांनी. डबा मातीत गेला, भोवती सिमेंट ओतलं, झाकण तेवढं वर उघडं ठेवलं.

"इंग्रजांनी न्हाई लिवलं," ती म्हणाली, "गावानं न्हाई लिवलं. आता पुसा म्हनावं कुनाला पुसायचंय ते."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसाचं नाव हिसकावणं आपल्या हातात असतं, एका शिक्क्यानं, एका कागदानं. ते परत करायचं तर तेवढ्याच उजेडात, तेवढ्याच माणसांदेखत करावं लागतं, आणि ते टाळणाऱ्यानं खाकी घालू नये. कुणाला राग आला तर येऊ दे.

सुरुवातीला म्हणालो होतो, नाव कुणाचंच लिहिणार नाही. आज्जाचंही लिहीत नाही. त्या चावडीपुढं जा, खाली वाका आणि वाचा.