घरी जा, ताक प्या

"घरी जा, ताक प्या आणि झोपा," असं म्हणत ती पेशंटच्या चपला पायानेच सरकवून खाटेपुढे आणायची. माणूस उतरला की पाय थेट चपलेत. डॉक्टर असून पायाने चपला ढकलते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आवडलं नव्हतं. नंतर कळलं, तिचे दोन्ही हात सदा कशात तरी अडकलेले असायचे.

ती इमर्जन्सीची डॉक्टर. अपघात झालेले, छातीत दुखणारे, विष प्यालेले, असे लोक दवाखान्याच्या दारातून आत आले की त्यांना सगळ्यात आधी बघते ती. बंगळूरला बनशंकरीत आमचं घर आहे, वरची खोली भाड्याने देतो. तिथे ती राहायची. लातूरकडची होती. नवरा सोडून गेलेला, शाळेत जाणारी मुलगी आईपाशी ठेवलेली. नाव मी लिहीत नाही. तुमच्याही वरच्या मजल्यावर अशी एखादी राहून गेली असेल, तिचं लावा.

मी चौथी शिकले. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, सरकारी कारखान्यात फिटर होते, मग रिटायर झाले. मी पोळ्या लाटून देते. पुण्या-नागपूरहून आलेली कॉम्प्युटरवाली पोरं इथे पुष्कळ. त्यांना भात पचतो, पण पुरत नाही. मला नगावर पैसे मिळतात.

ड्युटीला निघण्याआधी ती ओट्याशी येऊन उभी राहायची. तव्यावरची पहिली पोळी गुंडाळी करून खायची आणि पगाराचं बोलायची. डॉक्टर लोक आजारावर बोलत असतील असा माझा समज होता. तो गेला.

आधी ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर होती. तिथे महिनोन्‌महिने पगार यायचा नाही आणि आला की एकदम यायचा. पण कुणाला ठेवून घेतलंस, कुणाला सोडलंस, हे कुणी विचारत नसे. मग लातुरात एका डॉक्टरच्या खाजगी दवाखान्यात रात्रीवर. सकाळी पाकीट मिळायचं, त्यातून रात्रीचा चहा कापलेला असायचा. मग पुण्यात तासावर. तासाचे चांगले मिळायचे, पण तास भरला तरच.

"आणि ताप आला तर?" मी विचारलं.

"गोळी घेऊन जायचं. कित्येकदा पेशंटपेक्षा मलाच ताप जास्त असायचा, मावशी."

बंगळूरला जास्त देतात म्हणून ती इकडे आली. इथल्या दवाखान्यात अर्धा पगार बांधलेला आणि अर्धा सुटा. सुटा म्हणजे तिच्या हातून किती पेशंट वर गेले, त्यावर. वर म्हणजे देवाकडे नाही, वरच्या मजल्यावर, ॲडमिट होऊन.

"म्हणजे तूही नगावरच," मी म्हटलं.

"तुमचं बरं आहे. पोळी फुगली की नाही ते दिसतं तरी."

तिची एक मैत्रीण बेळ्ळंदूरला एका कॉम्प्युटर कंपनीच्या आवारात डॉक्टर म्हणून बसायची. तिला रोजावर पैसे, आणि या सगळ्यांत तेच जास्त.

"तिकडे काय येतं पेशंटला?"

"ॲसिडिटी. एकदा एकाच्या बोटात स्टेपलरची पिन गेली होती."

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं बाहेर काढलं. "मग तिकडंच जा की. स्वल्प आराम."

"काका, तिकडे मी शिकलेलं सगळं विसरेन."

तिला हवी होती पक्की ऑर्डर. महिन्याचा बांधलेला पगार, रजा, फंड. मुलीला आणायचं तर घरी दिवसरात्र बाई ठेवायला हवी आणि बाई काही सुट्या पगारावर राहत नाही. ऑर्डर आली की जूनमध्ये मुलगी इथल्या शाळेत, एवढंच तिच्या डोक्यात. मुलीसाठी घेतलेलं दप्तर वरच्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवलं होतं.

पण ऑर्डर यायची तर पेशंट वर जायला हवेत, आणि ही त्यांना ताक प्यायला घरी पाठवायची. मॅनेजर म्हणून एक टायवाला पोरगा होता. तो तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात की बीएमटीसी बसचे कंडक्टर? दिसेल त्याला खाली उतरवताय." ती त्याची नक्कल करून दाखवायची. आमचे हे पोट धरून हसायचे. "अजून एकदा कर," म्हणायचे. ह्यांना आवडणारी माणसं थोडी होती. ती त्यांतली एक.

एका रविवारी सकाळी ह्यांच्या पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं. घाम आला. ती ड्युटीवर होती, म्हणून रिक्षा करून तिच्याच दवाखान्यात नेलं. तिने छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त तपासलं. दोन्ही ठीक.

सिस्टर इथलीच, कानडी होती, मोडकं हिंदी बोलायची. ती म्हणाली, "मॅडम, संध्याकाळपर्यंत ठेवू. परत एकदा पट्टी काढू."

"नको. हे माझ्या घरचे आहेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मावशी, गॅस आहे. इथे ठेवलं तर वर नेऊन चार दिवस अडकवतील. घरी जा काका, ताक प्या आणि झोपा."

चपला पुढे आल्या. ह्यांनी पाय घातले. रिक्षात मला म्हणाले, "बघ, घरात डॉक्टर असली की कसं असतं."

ताक प्याले. झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करायला खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. एक गाल झालेला, एका गालावर साबण. तो मी पुसला.

धाकटे दीर चिकपेटहून आले. त्यांचं तिथे कापडाचं दुकान आहे. ते म्हणाले, तक्रार करायची, सोडायचं नाही. मी नको म्हटलं. लोकांना वाटलं मी मोठ्या मनाची. तसं काही नव्हतं. तक्रार केली असती तर तिची नोकरी गेली असती, आणि मग ती दिवसभर माझ्या डोक्यावर खोलीत रडत बसली असती. मला तो आवाज नको होता.

दिवसकार्य झालं आणि मी परत पोळ्या सुरू केल्या. ती ओट्याशी आली. पोळी घेतली नाही. न विचारता बोलायला लागली.

"त्या दिवशी सकाळीच मॅनेजर म्हणाला होता, अजून थोडे वर पाठवा, तुमची ऑर्डर तयारच आहे. मग काका आले. वाटलं, सगळ्यांना घालीन त्यात, काकांना नाही."

"दुसरं कुणी असतं तर?"

"ठेवून घेतलं असतं. या वयात असं दुखलं की तसा नियमच आहे. संध्याकाळी परत पट्टी काढली असती."

"म्हणजे अनोळखी असते तर वाचले असते."

मी लाटत राहिले.

"आणि बिलाची कसली काळजी करत होतीस? रिटायर झालेल्यांचं बिल कारखाना भरतो. कार्ड ह्यांच्या खिशात होतं. विचारायचं होतंस."

तिने विचारलं नव्हतं. तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली. ती मी तिच्या हातात दिली. तिने उभ्याउभ्या सगळी खाल्ली.

त्यानंतर ताक बंद झालं. उचकी लागलेली कॉलेजची पोरगी आली, ठेवून घेतली. भजी जास्त खाल्लेला माणूस आला, ठेवून घेतला. आमच्या शेजारची अक्का उपासाने चक्कर येऊन पडली, तिला तर आयसीयूत टाकलं. अक्का घरी येऊन मलाच सांगते, "किती काळजी घेते हो तुमची डॉक्टर! सोडायलाच तयार नव्हती." अक्काच्या मुलाने बिलासाठी स्कूटर विकली, ते मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅनेजर खूश झाला. त्याला वाटलं, मॅडमना अखेर अक्कल आली. तिला पैशाची अक्कल आली नव्हती, भीती बसली होती. पण पगार देणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. आमचे हे गेले आणि तिचा सुटा पगार वाढत गेला. कुणी ठरवून केलं नव्हतं.

मग एक दिवस ती पेढे घेऊन आली. ह्यांचा फोटो खोलीत शिरल्यावर समोरच आहे. ती त्याच्याखाली उभी राहिली.

"मावशी, ऑर्डर आली."

मी पेढा घेतला. खाल्ला. चांगला होता.

"मुलीला कधी आणतेस?"

"जूनमध्ये."

"मग जागा बघ. वरच्या खोलीत दोघी मावणार नाहीत."

वरच्या खोलीत आम्ही दोघं आणि दोन मुलं नऊ-दहा वर्षं राहिलो होतो, खालचं घर बांधून होईपर्यंत. ते तिला ह्यांनीच सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग इथल्या लोकांसारखी "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि वर गेली. महिन्याभरात सामान हललं. दप्तर तिने हातात धरून नेलं.

पावसाळ्यानंतर तव्याची कड लागून माझं मनगट भाजलं. मी हळद लावून बसले होते, पण शेजारच्या अक्काने ऐकलं नाही, ओढून त्याच दवाखान्यात नेलं. दुपारची वेळ. ती होती. अंगाने भरली होती. गळ्यातल्या कार्डाची फीत आता हिरवी होती. परमनंट लोकांची हिरवी असते, हे मला पूर्वी तिनेच सांगितलं होतं.

तिने मलम लावलं, पट्टी बांधली. मग छातीचीही पट्टी काढली.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. शाळा आवडते म्हणते." माझं मनगट धरूनच ती म्हणाली, "मावशी, आजचा दिवस राहा इथे."

"माझा हात भाजलाय. हात काय झोपेत दगा देणार आहे?"

"राहा ना. पैसे घेऊ देणार नाही मी."

"मला तुझ्या नगांत धरू नकोस."

मी खाली उतरायला पाय सोडले तर फरशी गार लागली. चपला नव्हत्या. तिने त्या पायाने आत ढकलल्या होत्या, पार खाटेखाली भिंतीपर्यंत. मी या वयात वाकून काढल्या. स्वतःच्या जबाबदारीवर जाते, अशा कागदावर सही केली. माझी सही चौथीतल्या अक्षराची आहे, पण चालली.

दाराशी वळून पाहिलं. पुढच्या खाटेवर ह्यांच्याच वयाचा एक म्हातारा शर्टाची बटणं सोडून बसला होता. ढेकर देत होता. गॅस आहे, घरी जातो, असं कन्नडमध्ये हात हलवून सांगत होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. सिस्टरला म्हणाली, "ठेवून घ्या," आणि त्याच्या चपला खाटेखाली सरकवल्या.

म्हाताऱ्याची बायको फरशीवर हात टेकून त्या शोधायला लागली. मी परत आत गेले, तिचा दंड धरून तिला उभी केली, आणि कन्नडमध्ये म्हटलं, "राहू दे. आज राहू दे त्याला इथेच."